गणपतीत वाडीत मयत झालं होतं. यंदाचा गणपती कसा करायचा?

पऱ्याकाठी | ४ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

विषय जड आहे. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलून बोलून सगळे दमलेत, म्हणून इथे विचारतोय.

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात. पस्तीसेक घरं, जवळजवळ सगळी एकाच भावकीतली. निम्म्या घरांना वर्षभर कुलूप असतं, गणपतीत मात्र पाय ठेवायला जागा नसते. आरत्या घरोघर फिरून, भजनाची बारी, रात्री खळ्यात जाखडीचा नाच. कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षी १२ सप्टेंबरला, गौरी-गणपती विसर्जनाच्या संध्याकाळी, वाडीतला एक चोवीस वर्षांचा मुलगा पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, बुडून गेला. मुंबईला कामाला होता. त्यांचा गणपती पोचवून झाला होता. पाट धुताना हातातून सुटला आणि पाण्याला लागला. परत न्यायची वाळू त्याच पाटावर न्यायची, म्हणून तो पाटामागे गेला. पोहायला उत्तम यायचं त्याला. पण भाद्रपदातलं पाणी, खाली शेवाळलेला कातळ आणि पुढे डोह. बाहेर काढला तोवर बराच वेळ गेला होता.

तेव्हा निम्म्या घरांतले गणपती अजून निघायचे होते. भावकी एक, त्यामुळे सुतक सगळ्यांनाच. पलीकडच्या वाडीतली माणसं आली, आमच्या घराघरातून गणपती आणि गौरी उचलल्या आणि खालच्या अंगाला नेऊन पोचवल्या. आरती नाही, टाळ नाही. मखरातले दिवे तसेच जळत होते. शवविच्छेदन होऊन तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. तोवर वाडीत चूल पेटली नाही, पोरांना चहा-बिस्किटं पलीकडून आली.

आता यंदाचा प्रश्न. २७ ऑगस्टला चतुर्थी. त्या मुलाची तिथी भाद्रपद शुद्ध नवमी. गौरी नक्षत्रावर येतात, श्राद्ध तिथीवर, म्हणून गेल्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी असलेली नवमी यंदा १ सप्टेंबरला, गौरीपूजनाच्या दिवशी येतेय. म्हणजे वाडीत घरोघर गौरी सजलेल्या आणि त्या घरात वर्षश्राद्ध.

जाणत्यांचं म्हणणं: यंदा जाखडी नाही, बारी नाही, माइक नाही, मुकाट्याने पूजा करून दीड दिवसात पोचवू. मुंबईतल्या पोरांचं म्हणणं: आम्ही त्याचेच मित्र, आम्हाला नाचायची हौस नाही, पण वाडी मुकी ठेवायची तर यायचं कशाला? एसटीचं ग्रुप बुकिंग आधीच झालंय. त्याचे वडील म्हणतात, "तुम्ही काय ते ठरवा, आमच्यासाठी काही थांबवू नका." हे वाक्य प्रत्येकजण आपल्याला हव्या त्या अर्थाने घेतोय.

तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत? शास्त्र काय म्हणतं यापेक्षा लोकांनी काय केलं ते हवंय.

---

आंबोळी | ४ ऑगस्ट, रात्री ११:१५

वाचून वाईट वाटला. आमच्याकडे असाच झाला होता, बरीच वर्षां झाली. चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी वाडीतलो एक जाणतो माणूस हार्ट अटॅकान गेलो. सगळे गणपती त्याच दिवशी पोचवले, गणपतीवरची फळापानांची माटी सोडल्यानी, करंजे तसेच डब्यात रवले. पुढच्या वर्षी मात्र सगळा नेहमीसारख्याच केला. पण तो म्हातारो माणूस होतो, नातवंडा बघून गेलो. तरण्या पोराचा वेगळा. तेची तुलना होवची नाय.

---

विवेक_पुणे | ५ ऑगस्ट, सकाळी ८:०२

दुर्घटना वाईटच, पण मला एक कळत नाही. २०२५ मध्ये आपण सुतक, सोयर, भावकी यावर चर्चा करतोय? त्या संध्याकाळी ज्यांचे गणपती घरात होते त्यांनी स्वतः विसर्जन केलं असतं तर काय बिघडलं असतं? या रूढींनी माणसांचं दुःख वाढतं.

---

पडवीतली_आजी | ५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

विवेक, तू म्हणतोस ते मी तरुणपणी म्हणत असे. नंतर घरातलंच माणूस गेलं तेव्हा त्या दहा दिवसांची किंमत कळली. कोणी आलं तरी मी उठून पाणी द्यायचं नव्हतं. देवपूजा नाही, सणवार नाही, कोणाच्या लग्नाला गेले नाही म्हणून रुसवा नाही. स्वयंपाक शेजारून. पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी आली, आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात, तो एकेक घास समोर बसून खायला लावला. माझ्या मनाने मी चार दिवस जेवले नसते.

विटाळ म्हणून कोणाला बाजूला बसवणं मलाही मान्य नाही. पण धाग्यातल्या त्या संध्याकाळी कोणाच्या अंगात बळ होतं गणपती डोक्यावर घ्यायचं? दुसऱ्या वाडीने येऊन ते काम उचललं. याला रूढी म्हण नाहीतर शेजारधर्म म्हण, मी वाद घालणार नाही.

मात्र सुतक दहा दिवसांचं. लांबच्या पिढीला तीनच दिवस. वर्षभराचं सुतक कुठेही नाही. वर्षभर सण न करणं हा घरोघरचा रिवाज, तोही सगळीकडे सारखा नाही. काही जण पहिला सण करतच नाहीत, काही जण गोडाशिवाय करतात, काही ठिकाणी माहेरची माणसं येऊन पहिला सण करवून देतात. तेव्हा "शास्त्रात आहे" म्हणून तुमच्या जाणत्यांनी अडून बसू नये.

श्राद्धाचं म्हणाल तर आमच्याकडे एकदा घरात गणपती असतानाच तिथी आली होती. गणपती माजघरात, श्राद्ध मागच्या पडवीत. भटजींनी काहीही हरकत घेतली नाही.

---

विवेक_पुणे | ५ ऑगस्ट, सकाळी १०:११

आजी, शेजारधर्म मान्य. भावकीबाहेरची माणसं धावून येतात आणि भावकीतल्याने गणपतीला हात लावायचा नाही, हे मात्र अजूनही पटत नाही. असो, धागा माझ्या मतासाठी नाही.

---

रानजाई | ५ ऑगस्ट, दुपारी १:४५

सगळं वाचलं. जाणते काय म्हणतात, पोरं काय म्हणतात, वडील काय म्हणतात. त्याची आई काय म्हणते? धाग्यात ती कुठेच नाही.

---

पऱ्याकाठी | ५ ऑगस्ट, रात्री ९:२०

@रानजाई, प्रश्न बरोबर आहे. तिला थेट कोणी विचारलेलं नाही. बैठक देवळात होते, तिथे बायका नसतात. आणि तिला विचारायचं कसं, हाच सगळ्यांचा घोर.

एक गोष्ट सांगतो. शिमग्याला पालखी घरोघर आली तेव्हा त्यांच्या पायरवाटेपासून ढोल बंद केले. सगळ्यांना वाटलं हेच बरं. पालखी अंगणात नुसती टेकवली, ओटी भरली, निघाली. पुढच्या घराच्या वळणावर ढोल परत सुरू. दुसऱ्या दिवशी ती माझ्या आईला पाणवठ्यावर म्हणाली, "माझ्याच दारात ढोल का बंद पडला? देव काय माझ्याकडे चोरून आला होता?"

आईने हे मला आत्ता, हा धागा वाचून दाखवल्यावर सांगितलं.

---

रानजाई | ५ ऑगस्ट, रात्री ९:४८

मग उत्तर मार्चमध्येच मिळालंय की.

---

धाकटा_भाऊ | ६ ऑगस्ट, रात्री १२:३०

मी इथे सहसा वाचतोच, लिहीत नाही. माझा मोठा भाऊ होळीच्या आदल्या दिवशी गेला, बाइकच्या अपघातात. गावाला सामान घेऊन येत होता. मी तेव्हा बारावीत.

तुमच्या जाणत्यांना एवढंच सांगा की आम्हाला सणाचा त्रास झाला नाही, लोकांच्या थांबण्याचा झाला. आई ओटीवर आली की समोरच्या खळ्यातली हसणारी माणसं गप्प व्हायची. मी क्रिकेट खेळायला गेलो की पोरं मला आधी बॅटिंग द्यायची. दोन वर्षं मला कोणी आऊट दिलं नाही! हसू येतं आता, पण तेव्हा वाटायचं की आपल्याला काहीतरी झालंय, भाऊ मेला नाही, आपणच मेलोय.

आणि त्याचं नाव कोणी घ्यायचं नाही. आईला वाईट वाटेल म्हणून. आई चोवीस तास त्याचाच विचार करत होती, तिला नव्याने काय वाईट वाटणार होतं? एक लांबचे काका होते, ते आले की थेट म्हणायचे, "तो असता तर आज सोंगं घेऊन पोरांना घाबरवलं असतं त्याने." आई रडायची आणि त्यांना चहा जास्त साखरेचा करून द्यायची. तिला आवडता माणूस कोण विचारलं असतं तर तिने त्यांचंच नाव सांगितलं असतं.

नाचायचं की नाही ते त्या घराला विचारा. ठरवून मग कळवू नका.

---

आंबोळी | ६ ऑगस्ट, सकाळी ७:१०

धाकट्या, मोठा लिवलंस रे.

---

पीएचसीतली_सिस्टर | ६ ऑगस्ट, दुपारी ३:०५

मी वेगळं लिहिते, राग मानू नका. त्या संध्याकाळी काय झालं यावर नाही, यंदाच्या संध्याकाळी काय करायचं यावर.

विसर्जनाला बुडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात. आणि बुडणारा माणूस सिनेमासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर यायचं, श्वास घ्यायचा, परत खाली, यात ओरडायला हवाच उरत नाही. शेजारी टाळ वाजत असताना तर कोणाचं लक्षही जात नाही.

१) नाल्यावर दोन माणसं फक्त पाण्याकडे बघायला. त्यांनी आरतीत टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत.
२) लांब दोर, टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधून. एक लांब बांबू. ट्रकची ट्यूब मिळाली तर उत्तम. कोणी वाहू लागला तर आधी हे फेकायचं, मागोमाग उडी नाही. एकाला वाचवायला गेलेला दुसरा जातो, हे मी ड्युटीवर पाहिलंय.
३) उजेडात उरका. अंधारात पाण्याचा अंदाज लागत नाही.
४) दारू प्यायलेला माणूस पाण्यात उतरणार नाही. हे बायकांनी सांगितलं की जास्त ऐकतात असा अनुभव आहे.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं बंद करा. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी-अन्न फुफ्फुसात जायची भीती. श्वास नसेल तर उताणं सपाट झोपवून आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, परत ३० दाब. दाब मोठ्या माणसाला पाचेक सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. मेंदूला चार-सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की इजा व्हायला लागते, म्हणजे गाडी येईपर्यंतचं काम तिथल्याच माणसांचं. एकाने दाब सुरू करायचे, दुसऱ्याने १०८ लावायचा. रेंज कुठे येते ते आधी ठरवून ठेवा, आमच्या भागात ती आंब्याखालीच येते.

शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचाच. काही तासांनी श्वासाचा त्रास वाढू शकतो.

चतुर्थीच्या आधी जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, कोणीतरी येऊन तासाभरात दाखवून जाईल. पोरांना उशीवर करून बघू दे.

---

सातबारा_फेरफार | ६ ऑगस्ट, सायंकाळी ६:३३

सिस्टरताईंना +१. आता कागदपत्रांचं, कारण दुःखात हे हमखास राहून जातं.

घरात कोणी खातेदार शेतकरी असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५. स्वतः खातेदार नसला तरी खातेदाराच्या कुटुंबातला एक सदस्य चालतो, त्यात मुलगा येतो. पाण्यात बुडून मृत्यू, सर्पदंश, वीज पडणं हे धरतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. सातबारा, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद लागतो. कोकणातली अडचण वेगळीच: सातबारावर अजून आजोबांचं नाव, शेजारी तीस हिस्सेदार आणि वडिलांची वारस नोंदच झालेली नाही. मग वडील कागदावर शेतकरी ठरत नाहीत, आयुष्य नांगर धरण्यात गेलं असलं तरी. ज्यांच्या नोंदी राहिल्यात त्यांनी गणपतीला गावी जाताय तर तलाठ्याकडे जाऊन याच.

दुसरं, मुलगा नोकरीला होता म्हणजे बँक खातं असणार. पासबुकात मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला २० रुपये किंवा ४३६ रुपये वजा झालेत का बघा. २० रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. ४३६ म्हणजे जीवन ज्योती विमा, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. खूप जणांनी खातं उघडताना सही केलेली असते आणि घरात कोणालाच माहीत नसतं. दावा लवकर करायचा असतो, पण उशीर झाला म्हणून गप्प बसू नका, बँकेत लेखी अर्ज देऊन लेखीच उत्तर मागा.

---

पऱ्याकाठी | ६ ऑगस्ट, रात्री १०:०५

@सातबारा_फेरफार, सातबाराचं तुम्ही आमच्या घरात बसून लिहिल्यासारखं लिहिलंय. पासबुक बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं. त्याच्या बहिणीला फोन केला, पत्र्याच्या पेटीत आहे म्हणाली. बघून सांगेल.

@पीएचसीतली_सिस्टर, राग कसला. तुमची पोस्ट ग्रुपवर टाकली. इतके दिवस जाखडी-जाखडी भांडणाऱ्यांपैकी एकानेही पाण्याचा विषय काढला नव्हता, मी धरून.

---

विवेक_पुणे | ७ ऑगस्ट, सकाळी ८:४०

सिस्टर, विसर्जन घरी बादलीत किंवा हौदात करण्याचा पर्याय का नको? सगळा धोकाच संपतो.

---

पीएचसीतली_सिस्टर | ७ ऑगस्ट, सकाळी ११:२०

लहान मूर्ती असेल तर जरूर करा. पण पिढ्यान्‌पिढ्या पऱ्यावर जाणारी वाडी एका वर्षात बादलीवर येणार नाही. तोवर दोर तरी असू दे.

---

पऱ्याकाठी | १० ऑगस्ट, रात्री ११:०५

आज गावी बैठक झाली. मी मुंबईहून फोनवर होतो, अर्धं ऐकू आलं, बाकीचं आईकडून.

काल आई आणि दोन काकू त्याच्या घरी गेल्या आणि सरळ विचारलं. आईच्या सांगण्याप्रमाणे ती आधी बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग एकेक गोष्ट सांगत गेली, जणू वर्षभर मनात यादीच केली होती.

श्राद्ध सकाळी लवकर सुरू करायचं, भटजींशी ती स्वतःच बोललीय. त्या दिवशी तिच्या घरी कोणी तोंड पाडून बसायला यायचं नाही. जेवायला यायचं, त्याच्या मित्रांनी तर यायचंच, स्वयंपाक ती करणार. बाहेरून डबे आणायचे नाहीत, वर्षभर लोकांनी दिलेलं खाल्लं, पुरे झालं. घरी गणपती यंदा आणणार, दीड दिवसाचा. गौरी नाही, तेवढं मन होत नाही. आरतीची फेरी त्यांच्या घरापर्यंत यायला हवी आणि शिमग्यासारखं वळणावर गप्प व्हायचं नाही.

जाखडीचं विचारल्यावर म्हणाली, पुढच्या वर्षी. ढोलकी तोच वाजवायचा, यंदा दुसऱ्याच्या हातात बघवणार नाही. पोरांनी एका शब्दाने वाद घातला नाही. एवढे दिवस जाणत्यांशी भांडत होते, तिचं ऐकल्यावर दोन मिनिटांत मिटलं. जाणत्यांपैकी एकजण मात्र अजून फुरंगटलेले आहेत, बायकांना विचारून देवळातला निर्णय कसा काय म्हणून. त्यांच्याशी बोलायचं काम काकूंनी घेतलंय.

विसर्जन डोहापाशी नाही, खाली बंधाऱ्यावर. तिथे गुडघाभर पाणी असतं आणि दोन्ही बाजूंनी उतरता येतं. ही अट तिची नाही, वडिलांची. एवढे दिवस "तुम्ही काय ते ठरवा" म्हणणारा माणूस बैठकीत उठून म्हणाला, दिवस मावळायच्या आत शेवटचा गणपती पोचला पाहिजे, नाहीतर मी आडवा पडेन.

पासबुकात २० रुपये कापलेले आहेत. ४३६ नाहीत. बहीण सोमवारी बँकेत जातेय.

---

धाकटा_भाऊ | १० ऑगस्ट, रात्री ११:३०

पोरांना सांगा, जेवताना त्याचे किस्से सांगा. मुळमुळीत नकोत, त्याने केलेल्या उचापती सांगा.

---

पडवीतली_आजी | ११ ऑगस्ट, सकाळी ६:५०

गौरी नाही म्हणाली तर जावेच्या किंवा शेजारच्या गौरीला तिला हळदीकुंकवाला बोलवायला विसरू नका. पोराच्या आईला बोलवावं की नाही असा विचार करणाऱ्या बायका असतात, मी पाहिल्यात.

---

सातबारा_फेरफार | ११ ऑगस्ट, सकाळी ९:१५

बँकेत जाताना मृत्यूचा दाखला, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती न्या. मूळ कागद कोणाच्याही हातात सोडायचे नाहीत, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची, तारखेसह.

---

आंबोळी | ११ ऑगस्ट, सकाळी ९:४०

दोर खयचो घेतलास? नायलॉनचो बारीक घेव नको, ओलो झालो की हातातसून सटकता.

---

पऱ्याकाठी | ११ ऑगस्ट, दुपारी १:०२

होड्यांना वापरतात तसला जाड घेतोय, रत्नागिरीहून एकजण आणतोय. ट्यूब मिळाली, बांबू वाडीतच आहेत. पाण्याकडे बघायला दोघांची नावं मागितली तर सातजणांनी दिलीत, त्यातले पाच त्याचे मित्र. तिकिटं कोणी रद्द केली नाहीत.